आर्क्टिक मंकीज: फुकट वाटलेली गाणी लोकांनी विकत का घेतली?

रानभूल

"गाणं नेटवर टाका, बाकी आपोआप होतं. आर्क्टिक मंकीज बघा, मायस्पेसवर मोठे झाले." हे वाक्य इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता चीडही येत नाही. (आर्क्टिक मंकीज हा इंग्लंडमधला रॉक बँड, आणि मायस्पेस ही तेव्हाची सोशल वेबसाइट.) पण गोष्ट तशी घडली नव्हती, आणि जशी घडली ती जास्त मजेशीर आहे. म्हणून धागा काढतोय. लांबलाय, चहा घेऊन बसा.

शेफील्ड हे इंग्लंडच्या उत्तरेकडचं पोलादाचं शहर. त्याच्या कडेला हाय ग्रीन नावाचं उपनगर आहे. २००१ च्या नाताळात तिथल्या ॲलेक्स टर्नरला आणि शेजारच्या जेमी कुकला घरून गिटारी मिळाल्या. अँडी निकल्सनने बेस घेतला. मॅट हेल्डर्सकडे ड्रम्स आले, कारण बाकीची वाद्यं आधीच वाटली गेली होती. १३ जून २००३ ला 'द ग्रेप्स' या पबमध्ये त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. सगळे सतराच्या आसपासचे.

मग शेफील्डच्याच टूफ्लाय स्टुडिओत डेमो, म्हणजे गाण्यांची नमुना रेकॉर्डिंग्ज, झाले. या डेमोंच्या सीडी घरी कॉपी करून पोरं कार्यक्रमाला फुकट वाटायची. सीडी मोजक्या आणि मागणारे जास्त. त्यामुळे ज्याला मिळायची तो घरी जाऊन ती कॉम्प्युटरवर चढवायचा आणि इतरांना पाठवायचा. असं करत अठरा गाण्यांचा एक गठ्ठा नेटवर फिरायला लागला. 'बिनीथ द बोर्डवॉक' हे त्याचं नाव चाहत्यांमध्येच रुळलं. बोर्डवॉक म्हणजे शहरातली कार्यक्रमांची जागा. टर्नर तिथे बारमध्ये कामाला होता.

मायस्पेसचं पानही चाहत्यांनीच काढलं. बँडने नंतर मुलाखतीत स्पष्ट सांगितलं की मायस्पेस म्हणजे काय हे आपल्याला माहीतसुद्धा नव्हतं, आणि बातम्यांमध्ये आपलं नाव त्याच्याशी जोडणाऱ्यांना काही कळत नाही. (त्यांचे मूळ शब्द इथे छापण्यासारखे नाहीत.) मग ही कथा पसरली कशी? माझा अंदाज सांगतो. जुलै २००५ मध्ये रूपर्ट मर्डॉकच्या न्यूज कॉर्पने ५८ कोटी डॉलर मोजून मायस्पेस विकत घ्यायचं ठरवलं. तेव्हा सगळ्यांनाच या नव्या प्रकाराचा एक चेहरा हवा होता आणि नेमके हे चौघे समोर आले.

पुढचं भराभर सांगतो. मे २००५ मध्ये 'बँग बँग' या स्वतःच्याच लेबलवर (रेकॉर्ड कंपनीवर) दोन गाणी काढली, ५०० सीडी आणि १००० छोट्या रेकॉर्ड्स. जूनमध्ये डोमिनो या स्वतंत्र लेबलशी करार. ऑगस्टमध्ये रेडिंग आणि लीड्स महोत्सवात त्यांना नवख्यांचा छोटा मंच मिळाला होता, तिथे गर्दी मावेना. ऑक्टोबरमध्ये लंडनचं दोन हजारांचं ॲस्टोरिया भरलं. त्याच महिन्यात पहिलं मोठं सिंगल (सुटं काढलेलं गाणं) ब्रिटिश चार्टवर, म्हणजे खपाच्या यादीत, थेट पहिलं. जानेवारी २००६ मध्ये दुसरं सिंगल, तेही पहिलं. आणि २३ जानेवारीला अल्बम: 'व्हॉटेव्हर पीपल से आय ॲम, दॅट्स व्हॉट आय ॲम नॉट'. पहिल्या आठवड्यात ब्रिटनमध्ये खप ३,६३,७३५.

एखाद्या बँडच्या पदार्पणाच्या अल्बमसाठी हा विक्रम होता. त्याआधीचा विक्रम हिअरसे या गटाचा होता. तो गट टीव्हीच्या स्पर्धेतून, आठवड्यामागून आठवडे प्रेक्षकांसमोर घडवलेला. आणि इकडे ही पोरं, ज्यांची निम्म्याहून जास्त गाणी लोकांच्या कॉम्प्युटरवर वर्षभर फुकट पडून होती.

तर प्रश्न हा: हातात असलेल्या गाण्यांसाठी साडेतीन लाखांहून जास्त लोकांनी पैसे का मोजले? माझं उत्तर मी शेवटी सांगतो, आधी तुम्ही बोला.

कॅसेटवाला

मस्त धागा! वाचनखूण साठवली.

आमच्या पुण्याच्या हॉस्टेलवर तेव्हा डीसी++ चालायचं. आता तरुण मंडळींना हे सांगावं लागेल: हॉस्टेलच्या लॅनवर प्रत्येकाने आपलं फोल्डर उघडं ठेवायचं आणि बाकीच्यांनी रात्रभर उपसा करायचा. त्यात वरच्या मजल्यावरच्या एका सीनियरच्या फोल्डरमध्ये हा गठ्ठा सापडला. 'स्कमी' नावाचं गाणं आम्ही पाठ केलं होतं. नंतर कळलं की याचंच अधिकृत नाव 'व्हेन द सन गोज डाउन', आणि ते तिकडे पहिल्या नंबरावर आहे. आम्ही मात्र शेवटपर्यंत स्कमीच म्हणत राहिलो.

तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर सोपं आहे. आम्ही नाही घेतली विकत. इथल्या दुकानात ती सीडी दिसली असती तरी आयात मालाची किंमत बघून परत ठेवली असती. त्यामुळे "फुकट दिलं की लोक प्रेमाने पैसे देतात" हा सिद्धांत मला जरा जपून घ्यावासा वाटतो. खिशात पैसे असलेले लोक देतात.

मु_पो_लीड्स

धागाकर्ते, शेफील्डजवळ लीड्सला राहतो म्हणून चार गोष्टी घालतो. मी इथे आलो तोवर हे चौघे मोठे होऊन गेले होते, पण ऑफिसातले शेफील्डकर या विषयावर एकदा सुटले की थांबत नाहीत.

बोर्डवॉकबद्दल. ही जागा आधी 'ब्लॅक स्वॉन' म्हणून ओळखली जायची. ४ जुलै १९७६ ला द क्लॅश या पंक बँडचा पहिलावहिला कार्यक्रम इथेच झाला, सेक्स पिस्टल्सच्या आधी वाजवायला आले होते ते. २०१० मध्ये जागा बंद पडली. म्हणजे दोन पिढ्यांच्या दोन मोठ्या बँडशी जोडलेल्या या इमारतीला शेवटी कुलूप लागलं. याबद्दल इथले लोक अजून हळहळतात.

दुसरं म्हणजे गाण्यांतला भूगोल. त्यांची सरावाची खोली नीपसेंड भागात होती. जुन्या कारखान्यांचा परिसर, रात्री तिथे रस्त्यावर देहविक्रय चालायचा. कॅसेटवाल्यांच्या लाडक्या 'स्कमी'चा विषय थेट तिथला आहे, खिडकीतून दिसणारा. 'फेक टेल्स ऑफ सॅन फ्रान्सिस्को' या गाण्यात अमेरिकन असल्याचा आव आणणाऱ्या गावठी बँडची टिंगल आहे. त्यात येणारं हंटर्स बार हे शेफील्डमधलं एक साधं नाक्याचं ठिकाण, आणि रॉदरम म्हणजे शेजारचं गाव. शिवाय टर्नर गातो शेफील्डच्याच बोलीत, बीबीसीवरच्या इंग्रजीत नाही. टॅक्सीच्या रांगा, दारावरचे बाउन्सर, शुक्रवारची रात्र, भांडलेली मैत्रीण, सगळं तिथलंच.

माझ्या टीममधल्या एकाचं वाक्य: "तोपर्यंत रेडिओवर कुणी माझ्यासारखं बोलत नव्हतं." मला तर तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच दिसतं.

मुखपृष्ठही बघा. त्यावर बँड नाहीच. त्यांचा एक मित्र रात्रभर बाहेर प्यायला गेला होता, पहाटे परतल्यावर सिगारेट ओढतानाचा त्याचा फोटो आहे. स्कॉटलंडच्या आरोग्य खात्यातून धूम्रपानाबद्दल ओरडही झाली होती.

टवाळखोर

थोडं मीठ टाकतो, कृपया हलके घ्या.

हे "पोरांनी काहीच केलं नाही, सगळं आपोआप लोकांनी केलं" जरा अती होतंय. त्यांचा मॅनेजर जेफ बॅराडेल ऐंशीच्या दशकात स्वतः एका पॉप बँडचा गायक होता. त्याला धंदा कळत होता. गाडीत घालून त्यांना स्कॉटलंड, मिडलँड्स, उत्तर इंग्लंड असं फिरवत होता. डेमो गॅरेजमध्ये टेपवर नाही, व्यवस्थित स्टुडिओत झालेत. आणि डोमिनो काही उपाशी लेबल नव्हतं. २००४ मध्ये त्यांच्या फ्रान्झ फर्डिनांड या बँडने मर्क्युरी पुरस्कार (वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा) मारला होता, त्यामुळे तिजोरी बरी होती.

शिवाय एनएमई विसरलात का? अल्बम यायच्या आठवड्याच्या आगेमागे त्या ब्रिटिश संगीत साप्ताहिकाने आजवरच्या सर्वश्रेष्ठ ब्रिटिश अल्बमची यादी छापली आणि त्यात हा कोरा करकरीत अल्बम पाचवा! बीटल्सचे सगळे अल्बम याच्या खाली. याला माझ्या गावात जाहिरात म्हणतात. मे २००६ मध्ये तर गॉर्डन ब्राउनच्या नावावर "मी सकाळी आर्क्टिक मंकीज ऐकतो" अशा छापाच्या बातम्या येत होत्या. तेव्हाचा ब्रिटिश अर्थमंत्री! त्याला एक तरी गाणं सांगता आलं असेल का, देव जाणे.

रानभूल

@टवाळखोर, एनएमईचं खरं आहे, ती यादी आज वाचली तर हसू येतं. पण क्रम बघ. एनएमई जागं झालं तेव्हा ॲस्टोरिया भरून झालं होतं. साप्ताहिकाने बँड शोधला नाही, गर्दी शोधली. आणि पहिल्या सिंगलच्या व्हिडिओत टर्नर सुरुवातीलाच कॅमेऱ्याकडे बघून सांगतो की गाजावाजावर विश्वास ठेवू नका. तेही जाहिरातच म्हणशील तर माझा नाइलाज आहे.

बॅराडेलचा मुद्दा मात्र मला मान्य आहे आणि महत्त्वाचा वाटतो. फुकट सीडी वाटणं हा भाबडेपणा नव्हता. पण हिशेब कशाचा होता? तिकिटाचा. गावात कार्यक्रम होण्याआधी तिथल्या पोरांना गाणी पाठ असतील तर हॉल भरतो. त्या काळात बाकीचा उद्योग काय करत होता तेही लक्षात घे.

तळटीप

त्या "बाकीच्या उद्योगा"बद्दल मी लिहितो, कारण तारखा गमतीशीर जुळतात.

मंकीजचं सिंगल पहिल्या नंबरावर गेलं ऑक्टोबर २००५ च्या चौथ्या आठवड्यात. आणि ३१ ऑक्टोबर २००५ ला मार्क रुसिनोविच या संगणकतज्ज्ञाने जाहीर केलं की सोनी बीएमजी या बड्या रेकॉर्ड कंपनीच्या काही सीडी कॉम्प्युटरमध्ये घातल्या की त्या गुपचूप एक सॉफ्टवेअर बसवतात. ते स्वतःला लपवतं, कॉपी करण्यावर पहारा ठेवतं आणि वर मशीनला व्हायरससाठी दार उघडं करून देतं. प्रचंड गदारोळ झाला, लाखो सीडी परत मागवाव्या लागल्या, खटले चालले.

म्हणजे ज्यांनी पैसे देऊन सीडी घेतली त्यांना चोर समजून शिक्षा. अमेरिकेत तर रेकॉर्ड कंपन्या गाणी उतरवणाऱ्या सामान्य लोकांवर, त्यात शाळकरी पोरांवरही, दावे लावत होत्या. त्याच पंधरवड्यात "ही घे सीडी, हव्या तितक्या कॉपी कर" म्हणणारा बँड देशात अव्वल. या पार्श्वभूमीवर विकत घेणं ही लोकांनी दिलेली पावती होती असं मला वाटतं. मत दिल्यासारखं.

बेसूर

मी ड्रम्स वाजवतो (आयडीवर जाऊ नका). वाजवणाऱ्याच्या बाजूने एक मुद्दा.

बहुतेक बँड पहिला अल्बम स्टुडिओत घडवतात आणि मग लोकांसमोर नेतात. इथे उलट झालं. अल्बममध्ये तेरा गाणी, त्यातली बरीचशी दोन वर्षं पबमध्ये घासून आलेली. कुठे लोक बारकडे वळतात, कुठे परत येतात, कुठल्या ओळीला सगळे ओरडतात, हे सगळं वाजवून कळलेलं. हेल्डर्सचं वाजवणं ऐका: सतत पुढे ढकलत राहतो, पण गाणारा श्वास घेतो तिथे बरोबर जागा सोडतो. हे खोलीत बसून येत नाही. चौघेही एकाच वेळी शून्यातून शिकले, त्यामुळे एकमेकांच्या खोडी त्यांना पाठ आहेत.

लिंकनशरमधल्या चॅपल स्टुडिओत जिम ॲबिसने अल्बम रेकॉर्ड केला. तेव्हा जुन्या चाहत्यांची पहिली तक्रार काय होती माहीत आहे? "डेमो जास्त चांगले होते." आणि काही गाण्यांबाबत मी त्यांच्या बाजूचा आहे. 'मार्डी बम'चा डेमो जरा ढिला आहे, आणि ते गाणं ढिलंच हवं. रुसलेल्या मुलीला मनवताना कुणी इतकं चोख वाजवत नाही. याउलट 'अ सर्टन रोमान्स' अल्बममध्ये कितीतरी मोठं झालंय. शेवटी शब्द संपतात आणि दोन्ही गिटारी एकमेकींशी बोलत राहतात, तो भाग हेडफोनवर ऐकाच.

अवांतर: यासाठी शहरात दोनशे-तीनशे माणसांची जागा लागते, जिथे आठवड्याला नवखे बँड वाजतात. शेफील्डला ग्रेप्स होतं, बोर्डवॉक होतं, लेडमिल होतं. मुंबईत धोबीतलावचं रंगभवन होतं, १९८६ पासून सुरू झालेल्या इंडिपेंडन्स रॉक या संगीत महोत्सवाचं घर. ते शांतता क्षेत्राच्या नियमात गेलं. लोअर परळचं ब्लू फ्रॉग २००७ मध्ये आलं आणि दहा वर्षांच्या आत बंद झालं. आम्ही सध्या ज्या कॅफेत वाजवतो तिथे गिऱ्हाइकं येऊन "आवाज कमी करा, मीटिंग चालू आहे" सांगतात.

कॅसेटवाला

+१ बेसूर. 'डेमो जास्त चांगले होते' हे जगातल्या सर्व चाहत्यांचं राष्ट्रगीत आहे.

आईसाहेब

नमस्कार मंडळी. मला या संगीतातलं ओ की ठो कळत नाही, तरी धागा पूर्ण वाचला, कारण आमच्याकडे घरात हा बँड राहायला आलाय. कन्यारत्न दहावीत. खोलीत भिंतीवर काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी रेघ लाटेसारखी वरखाली होते असं पोस्टर आहे. मी आधी ईसीजी समजले.

पण तुम्ही लिहिताय त्यातलं काहीच तिच्या गाण्यांशी जुळत नाही. ती ऐकते ती गाणी संथ, जरा उदास. एक '५०५' म्हणून आहे, आणि एक 'आय वॉना बी युअर्स', ज्यात व्हॅक्यूम क्लीनर आणि कॉफीचं भांडं येतं. रील्सवर सगळीकडे तीच असतात म्हणे. शेफील्ड, फुकट सीडी वगैरे तिला विचारलं तर म्हणाली, "आई, ते जुने वाले मी नाही ऐकत." हे तेच लोक आहेत ना?

मु_पो_लीड्स

तेच आहेत, ताई :) आणि तुम्ही विचारलेलं दुसरं गाणं थेट त्या फुकट सीडीच्या दिवसांतून आलंय, तुमच्या कन्येला जरूर सांगा.

टर्नर बोर्डवॉकमध्ये बारमागे उभा असताना एका रात्री 'द फॉल' या बँडच्या आधी जॉन कूपर क्लार्क नावाचा कवी मंचावर आला. मँचेस्टरजवळच्या सॅल्फर्डचा, काड्यांसारखे पाय, पिंजारलेले केस, काळा चष्मा, आणि मशीनगनसारखा कविता म्हणणारा. टर्नर हातातलं काम सोडून बघत राहिला. पुढे त्याने बऱ्याचदा सांगितलंय की स्वतःच्या बोलीत, घरातल्या वस्तूंवर असं लिहिता येतं हे त्या माणसाकडून कळलं. 'आय वॉना बी युअर्स' ही मूळ क्लार्कची कविता, १९८२ च्या त्याच्या अल्बममधली. २०१३ मध्ये मंकीजनी आपल्या पाचव्या अल्बमच्या शेवटी तिला चाल लावली. तो अल्बम म्हणजे 'एएम', तुमच्या भिंतीवरची लाट त्याच्याच मुखपृष्ठाची.

गंमत म्हणजे ते गाणं तेव्हा सिंगल म्हणून वाजवलं गेलं नव्हतं. '५०५' तर २००७ च्या दुसऱ्या अल्बमचं शेवटचं गाणं, तेही सिंगल नाही. बऱ्याच वर्षांनी पोरांनी दोन्ही उचलली आणि स्पॉटिफायवर अब्जाच्या पलीकडे नेली. कंपनीने नाही, पोरांनी.

टवाळखोर

अल्गोरिदमने.

मु_पो_लीड्स

अल्गोरिदम पुढे ढकलतो, पण पहिल्यांदा कुणीतरी त्या गाण्यावर आपला व्हिडिओ लावावा लागतो.

रानभूल

आईसाहेबांनी बरोबर जागी बोट ठेवलंय, कारण चाहत्यांमधलं मोठं भांडण तिथेच आहे.

२००६ च्या चाहत्याला वाटतं की हा बँड त्याने घडवला. त्याने सीडी कॉपी केल्या, पान चालवलं, शब्द उतरवून घेतले, अल्बम विकत घेऊन पहिल्या नंबरावर बसवला. आणि असं वाटलं की माणूस मालकी सांगायला लागतो. अँडी निकल्सन मे २००६ मध्ये थकवा आला म्हणून अमेरिका दौऱ्याला गेला नाही आणि पुढे बँडमधून बाहेरच पडला, तेव्हा चाहते घरातलं कुणी गेल्यासारखे हबकले. त्याच्या जागी आलेला निक ओ'मॅली आज वीस वर्षं होत आली तरी काही लोकांना "नवीन" वाटतो!

मग २००९ मध्ये अमेरिकेच्या वाळवंटात जोश होम या अमेरिकन रॉक संगीतकाराबरोबर केलेला 'हम्बग' हा अल्बम. सावकाश, जड, अंधारी. शुक्रवारच्या रात्रीची गोष्ट नाही, टॅक्सीची रांग नाही. अर्धे लोक तिथेच नाराज. २०१३ च्या 'एएम'ने जगभर दार उघडलं, विशेषतः टंबलर या ब्लॉगच्या साइटवरच्या पोरापोरींनी तो डोक्यावर घेतला, आणि टर्नर केसांना तेल लावून लेदर जॅकेटमध्ये फिरायला लागला. त्याच वर्षी ग्लास्टनबरी संगीत महोत्सवात मंचावर त्याचं बोलणं अमेरिकन धाटणीचं वाटलं म्हणून केवढी टर उडवली गेली! 'फेक टेल्स' लिहिणाऱ्यानेच हे करावं, हा आरोप झोंबणारा होता. मला स्वतःला तो पटत नाही. सतरा वर्षांच्या मुलाने जी टिंगल केली ती त्याने जन्मभर पाळावी ही अपेक्षा चाहत्यांची आहे, गाण्याची नाही.

२०१८ चा 'ट्रँक्विलिटी बेस हॉटेल अँड कसिनो' तर कळस. चंद्रावरचं हॉटेल, पियानोवर लिहिलेली गाणी, आधी एकही सिंगल नाही. 'एएम'वाले आणि सीडीवाले पहिल्यांदाच एकत्र आले, तक्रार करायला. तरी तो ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरावर गेला, आधीच्या पाचांसारखाच. ती रांग मोडली २०२२ मध्ये 'द कार'ला, कारण त्याच दिवशी टेलर स्विफ्टचा अल्बम आला.

बेसूर

'ट्रँक्विलिटी बेस' हा त्यांचा सर्वोत्तम अल्बम आहे. आता दगड मारा.

कॅसेटवाला

उचलला. बेसूर, आयडी सार्थ केलास.

तळटीप

मूळ प्रश्नावर परत यायचं का? रानभूल, तुझं उत्तर राहिलंय.

रानभूल

हो. कॅसेटवाल्याचा मुद्दा मला टाळता येत नाही: खिसा लागतो. त्या गावातल्या पोरांकडे निदान एका सीडीपुरते पैसे होते. तळटीप म्हणतोय ती पावतीही खरी. पण मला सगळ्यात जास्त पटतं ते लीड्सकरांच्या सहकाऱ्याचं.

शेफील्डने याआधीही मोठे कलाकार दिलेत. ह्यूमन लीग, डेफ लेपर्ड, पल्प, रिचर्ड हॉली. पण ते प्रसिद्ध झाल्यावर गावाला कळायचे. इथे गावाला आधी माहीत होते. एखाद्या पोरीच्या घरच्या कॉम्प्युटरवर ही गाणी होती आणि तिच्या आवडत्या रेडिओवर नव्हती. वर्षभर ती ज्यांना ज्यांना सांगत होती त्यांना "कोण हे?" असा प्रश्न पडत होता. मग दुकानात तीच गाणी खऱ्या छापील मुखपृष्ठासह आली, त्यावर बँडचा नव्हे तर तिला पबमध्ये भेटेल अशा पोराचा फोटो. ती सीडी ऐकण्यासाठी घेतलेली नव्हती. "बघा, मी सांगत होते" हे म्हणायला घेतली होती. आठवड्याच्या शेवटी चार्टवर आकडा लागला तो तिचाही होता.

म्हणून "नेटवर टाका" हा सल्ला मला अपुरा वाटतो. नेटवर आज सगळेच टाकतात. मंकीजनी टाकलंच नव्हतं, त्यांनी समोर आलेल्या माणसाच्या हातात दिलं होतं. पुढे टाकलं त्या माणसाने.

मु_पो_लीड्स

एक भर. सप्टेंबर २००६ मध्ये या अल्बमला मर्क्युरी पुरस्कार मिळाला, तेव्हा टर्नर मंचावर जाऊन पहिल्यांदा काय म्हणाला? "कुणीतरी ९९९ ला (तिकडच्या पोलिसांच्या तातडीच्या नंबरला) फोन करा, रिचर्ड हॉलीला लुटलंय!" त्याच यादीत हॉलीचाही अल्बम होता. आपल्याहून वडील गाववाल्याची आठवण देशासमोर काढली, याचं कौतुक शेफील्डकर अजून सांगतात.

आणि जून २०२३ मध्ये हिल्सबरो पार्कला त्यांचे दोन दिवस कार्यक्रम झाले. हाय ग्रीनपासून काही मैलांवर. मी पहिल्या दिवशी गेलो होतो. ट्राममध्येच दोन पक्ष स्पष्ट दिसत होते. एकीकडे चाळिशीकडे झुकलेले, पोट सुटलेले, जुने आदिदास घातलेले बाप. दुसरीकडे 'एएम'ची लाट छापलेल्या टी-शर्टमधल्या मुली. जुनं गाणं लागलं की बाप हवेत बिअर उडवत होते आणि मुली फोन खाली घेत होत्या. '५०५' लागलं की उलट. माझ्या शेजारचे एक बापलेक मात्र शहाणे होते. तो तिला जुन्या गाण्यांचे शब्द कानात सांगत होता आणि नव्या गाण्यांना ती त्याला.

टवाळखोर

दोन दिवसांचं तिकीट कितीचं होतं? फुकट सीडीची वसुली झाली म्हणायची.

मु_पो_लीड्स

झाली, टवाळराव, आणि तीही सव्याज. पार्कातल्या बिअरचा भाव तर विचारूच नका.

आईसाहेब

मंडळी, तुमचा धागा कन्येला वाचायला दिला. कवीची गोष्ट तिला फारच आवडली, मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकली. मग मी धीर करून तो पहिला अल्बम स्वयंपाक करताना लावला. पोळ्या होईपर्यंत दोघींनी ऐकला. तिचा अभिप्राय: "हा माणूस इतका भरभर का बोलतोय? कुणी मागे लागलंय का?"

मला मात्र ते रुसलेल्या मुलीचं गाणं आवडलं. बेसूर, तुम्ही म्हणता तो ढिला डेमो कुठे मिळेल?

बेसूर

ताई, व्यक्तिगत निरोप करतो. फुकट आहे.